ठिपक्यांचा झेब्राफिश: प्रयोगातला मासा मुळात आला कुठून?

संशोधनाची तयारी करताना आपण प्रयोगाच्या पद्धती वाचतो, संख्याशास्त्र शिकतो. पण ज्या प्राण्यावर प्रयोग करायचा तो आला कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही. झेब्राफिशचा इतिहास बघितला की हा प्रश्न किती महागात पडू शकतो ते कळतं.

हा मासा आपल्याच भागातला, भारतीय उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची पहिली नोंद केली. पुढे अंगावरच्या निळसर पट्ट्यांमुळे तो जगभरच्या काचेच्या टाक्यांत पोहोचला. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच पैदास झाली.

१९६३ मध्ये माइनकेन यांनी मत्स्यालयातल्या ठिपकेदार माशांवरून एक नवी जात जाहीर केली: ब्रॅकिडॅनिओ फ्रँकेई. पट्टे नाहीत, ठिपके आहेत, म्हणजे जात वेगळी! पण १९७० च्या दशकात संकर करून बघितले, तेव्हा ठिपक्यांचा गुण मेंडेलच्या नियमाने पुढे जाताना दिसला. पट्टेवाला आणि ठिपकेवाला यांची पिल्लं पट्टेवाली, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत साधारण पाव पिल्लं पुन्हा ठिपकेवाली. म्हणजे ती जात नव्हती, झेब्राफिशचंच एक म्युटेशन होतं. २००६ मध्ये जनुकही सापडलं: कनेक्सिन ४१.८. रंगपेशी एकमेकींना ज्या सूक्ष्म मार्गांनी संदेश देतात, ते मार्ग या जनुकामुळे बनतात. संवाद बिघडला की पट्टे तुटून ठिपके होतात.

आता खरी गंमत. आपण 'प्रमाण' मानतो ते स्ट्रेनही दुकानातलेच आहेत. एबी स्ट्रेनचे पूर्वज जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या दुकानातून घेतले होते. ट्यूबिंगेन स्ट्रेन जर्मनीतल्या त्याच नावाच्या शहरातला, आणि २०१३ चा संदर्भ-जीनोम त्याच्यावरच उभा आहे.

यात बिघडलं काय? या माशात नर-मादी कशामुळे ठरतं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. २०१४ मध्ये नदीतल्या माशांशी जास्त जवळचे स्ट्रेन तपासले, तर त्यात लिंग ठरवणारा भाग चौथ्या गुणसूत्रावर सापडला. एबी आणि ट्यूबिंगेनमध्ये मात्र तो आढळला नाही; टाकीतल्या पैदाशीत तो हरवला असावा. म्हणजे जे 'झेब्राफिशमध्ये नाही' असं वाटत होतं, ते फक्त पाळीव स्ट्रेनमध्ये नव्हतं.

तुम्ही निरगुडसर-मंचरकडून पुण्यात शिकायला आला असाल आणि उद्या आघारकर संशोधन संस्थेत किंवा मुंबईच्या टीआयएफआरमध्ये झेब्राफिशवर काम करायला मिळालं, तर पहिल्याच दिवशी वहीत तीन गोष्टी लिहा: स्ट्रेनचं नाव, तो कुठून आणला, आणि टाकीत किती पिढ्या झाल्या. घोड नदीतून मासे पकडलेत, तर जागा आणि तारीखसुद्धा. आणि निष्कर्ष लिहिताना स्वतःला विचारा: हे सगळ्या झेब्राफिशबद्दल आहे, की फक्त माझ्या टाकीतल्या?