वेशपूरके, पुरुषांची (सौदी अरेबिया)

सौदी अरेबियात औपचारिक प्रसंगी पुरुष थोब या घोट्यापर्यंत पोहोचणाऱ्या अंगरख्यासोबत ज्या वस्तू धारण करतात, त्यांचा समूह. शिरोवस्त्र, ते जागच्या जागी राखणारे इकाल हे दोरीचे कडे, बिश्त हा झगा, अंगठी, घड्याळ, जपमाळ, पादत्राणे व सुगंधी द्रव्ये यांचा त्यात समावेश होतो. थोब सर्वसाधारणपणे एकाच घाटाचा, उन्हाळ्यात पांढरा आणि हिवाळ्यात गडद व जाड कापडाचा असल्याने, परिधानकर्त्याचा दर्जा आणि प्रसंगाचे गांभीर्य या पूरक वस्तूंवरूनच ओळखले जाते. परिणामी त्यांची निवड हौसेपेक्षा शिष्टाचाराच्या कक्षेत येते.

बिश्त : मिशलह या नावानेही परिचित असलेला हा झगा पुढून उघडा, बिनबटणांचा व खांद्यांवरून सैल सोडलेला असतो आणि चालताना त्याचा एक पदर बहुधा हाताखाली दाबून धरतात. राजघराण्यातील व्यक्ती, मंत्री, प्रांताधिपती आणि उच्चपदस्थ धर्मवेत्ते यांचा हा नेहमीचा औपचारिक वेश असून सामान्य नागरिक तो मुख्यतः स्वतःच्या विवाहात किंवा ईदसारख्या सणाला वापरतो. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या शाही आदेशानुसार वरिष्ठ अधिकाऱ्यांनी कार्यालयात येता-जाताना बिश्त घालणे आवश्यक ठरविण्यात आले. काळ्या कापडावरील सोनेरी जर सर्वांत औपचारिक समजली जाते. तपकिरी, उंटाच्या रंगाचे व मलईसारखे फिके बिश्तही प्रचलित असून फिके रंग सामान्यतः दिवसा व उन्हाळ्यात, तर गडद रंग सायंकाळच्या समारंभात शोभतात, असा संकेत आहे. हिवाळी बिश्त उंटाच्या किंवा मेंढीच्या लोकरीचा, तर उन्हाळी बिश्त आरपार दिसेल इतक्या झिरझिरीत कापडाचा असतो. १८ डिसेंबर २०२२ रोजी लुसैल येथे फुटबॉल विश्वचषक स्वीकारणाऱ्या लिओनेल मेस्सीच्या खांद्यांवर कतारच्या अमीरांनी घातलेला बिश्त या झिरझिरीत प्रकारचा होता.

देशाच्या पूर्वेकडील अल-अहसा मरूद्यानातील हुफूफ हे या कारागिरीचे प्रमुख केंद्र असून तेथील हसावी बिश्त आखाती देशांत सर्वाधिक प्रतिष्ठित मानला जातो. हुफूफच्या कैसरिया बाजारात बिश्तांची जुनी दुकाने आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने अल-अहसाची हस्तकला व लोककलेसाठी सर्जनशील नगर म्हणून निवड केली. पैठणीत जर विणकामातच गुंफलेली असते. बिश्तवर मात्र गळ्याभोवती व पुढच्या काठांवर ती सुईने भरली जाते. हे काम टप्प्याटप्प्याने, अनेकदा वेगवेगळ्या कारागिरांच्या हातून होते : हेला, बुरूज, मकसर या नावांच्या भरतकामानंतर कैतान ही किनारीची दोरी बसवितात आणि शेवटी बरदाख या क्रियेत जर ठोकून सपाट व चकचकीत करतात. जर फ्रान्स, जर्मनी व भारतातून आयात होते. यंत्रावर भरलेले बिश्त स्वस्त पडतात. त्यांची जर उठून दिसते खरी, पण हातकामातील घट्ट व सपाट बसण त्यांना क्वचितच साधते.

शिरोवस्त्र : डोक्यावर प्रथम ताकिया ही टोपी, तीवर लाल-पांढऱ्या चौकड्यांचा शमाग किंवा पांढरा गुत्रा आणि सर्वांत वर काळे इकाल असा क्रम असतो. शमागला इस्त्री करून कपाळावर मध्यभागी जी उभी चुणी पाडतात तिला मिरजाम म्हणतात. धर्मवेत्ते बहुधा इकाल वापरत नाहीत. सोनेरी तारेचे बहुकोनी इकाल (मुकस्सब) पूर्वी उच्चपदाचे चिन्ह होते. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेतील हिजाझच्या फैसलच्या छायाचित्रांत ते दिसते आणि सौदी राजा फैसल (राज्यकाल १९६४–७५) यानेही ते वापरले. त्यानंतर ते प्रचारातून जवळजवळ गेले.

धातू व अलंकार : इस्लामी आचारसंहितेनुसार पुरुषांना सोने व शुद्ध रेशीम वर्ज्य असल्याने अंगठी चांदीची, अनेकदा अकीक बसविलेली असते. वस्त्रातील अल्प सोन्याविषयी, म्हणजेच जरीच्या मुलाम्याविषयी, शास्त्रकारांत मतभेद आढळतात. घड्याळ, लेखणी व बाहीची बटणे (कबक) एकमेकांशी जुळती असावीत असा संकेत आहे. मिसबहा ही जपमाळ ३३ किंवा ९९ मण्यांची असून कहरुबा (अंबर) व युस्र (काळे पोवळे) यांच्या माळा मौल्यवान गणल्या जातात. हजच्या इहराम वेशात पुरुषांना शिवलेले कपडे व शिरोवस्त्र वर्ज्य असल्याने यांतील बहुतेक वस्तू उतरवून ठेवाव्या लागतात.

पादत्राणे : चामडी वहाणा व पाश्चात्त्य बूट, दोन्ही चालतात.

प्रादेशिक भेद : हिजाझमध्ये भरतकाम केलेली गबाना ही पगडी, दक्षिणेत जंबिया हा कमरेचा वक्र खंजीर, तर जाझान व असीरच्या डोंगराळ भागात डोक्यावर फुलांचे व सुगंधी वनस्पतींचे कडे अशी पूरके आहेत. नज्दी अर्दा या तलवारनृत्याचा युनेस्कोच्या सूचीत २०१५ मध्ये समावेश झाला. त्यात सहभागी होणारे पुरुष तलवार व खांद्यावरून आडवा पट्टा धारण करतात. २०२२ पासून २२ फेब्रुवारीला साजऱ्या होणाऱ्या स्थापनादिनी हे जुने प्रादेशिक वेश शहरांतही दिसतात.