शब्दांची चाळणी आणि पुराव्याचा शोध : दस्तऐवज-प्रकटीकरणाच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास

१

न्यायालयीन वादातील सत्य पुष्कळदा एका पक्षाच्या कपाटात असते आणि त्याची गरज दुसऱ्या पक्षाला असते. या विषमतेवर आंग्ल न्यायपद्धतीने जो उपाय योजिला त्यास दस्तऐवजांचे प्रकटीकरण असे म्हणतात. वादविषयाशी संबद्ध असे जे कागद आपल्या ताब्यात असतील ते, स्वतःस प्रतिकूल असले तरीही, प्रत्येक पक्षाने सुनावणीपूर्वी प्रतिपक्षापुढे ठेवले पाहिजेत, हे या पद्धतीचे सार होय. तिचा उगम इंग्लंडातील चॅन्सरी न्यायालयाच्या व्यवहारात आहे. १८८२ साली ‘पेरूव्हियन ग्वानो’ खटल्यात संबद्धतेची कसोटी फार विस्तृत करण्यात आली. जो कागद प्रतिपक्षाला चौकशीच्या एखाद्या उपयुक्त मार्गावर नेऊ शकेल तोही प्रकट केला पाहिजे, असे तेव्हा ठरले. भारतात १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अकराव्या आदेशात ही पद्धती समाविष्ट आहे. अमेरिकेत १९३८ च्या संघीय दिवाणी प्रक्रिया-नियमांनी तिला सर्वांत व्यापक रूप दिले.

या व्यवस्थेत एक अंतर्विरोध प्रारंभापासून आहे. कागद शोधून काढावयाचे काम ज्याच्याकडे आहे, त्याचेच हित ते न सापडण्यात असते. म्हणून शोध प्रामाणिकपणे झाला की नाही, हा प्रश्न येथे नेहमीच उपस्थित होतो. कागद मोजके होते तोवर वकिलाची शपथ आणि कारकुनाची चिकाटी यांवर भिस्त ठेवता येत असे. कागदांची संख्या लाखांवर गेली तेव्हा मात्र प्रामाणिक शोधदेखील पुरेसा ठरतो काय, असा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न निर्माण झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेचा या क्षेत्रातील प्रवेश हा या दुसऱ्या प्रश्नाच्या इतिहासाचा एक भाग आहे. त्या प्रश्नाचे मूळ भाषेच्या स्वरूपात आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

कायद्याच्या संहितेत यंत्राने शब्द शोधण्याचा पहिला महत्त्वाचा उद्योग अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात जॉन हॉर्टी यांनी १९६० च्या सुमारास केला. त्याचे निमित्त बोलके आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यांतील एक जुनी, अवमानकारक वाटू लागलेली संज्ञा काढून तिच्या जागी सर्वत्र नवी संज्ञा घालावयाची होती. माणसांनी वाचून केलेल्या शोधात काही स्थळे निसटत होती. तेव्हा कायद्यांचा संपूर्ण मजकूरच यंत्रात उतरविण्याची कल्पना पुढे आली. येथे शोधावयाची वस्तू म्हणजे स्वतः तो शब्दच होता आणि शब्द शोधण्यात यंत्र चुकत नाही. १९७३ साली ‘लेक्सिस’ ही व्यापारी सेवा सुरू झाल्यावर वकीलवर्ग अशा शब्दशोधाला सरावला.

परंतु पुराव्याच्या शोधात शब्द हे उद्दिष्ट नसते, अर्थ हे उद्दिष्ट असते. हा भेद किती महाग पडतो हे डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने दाखविले. एका मोठ्या खटल्यातील सुमारे ४०,००० दस्तऐवज, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख पृष्ठे, शब्दशोधाच्या यंत्रणेत घातलेली होती. आपल्याला लागणाऱ्या कागदांपैकी निदान ७५ टक्के तरी मिळाले पाहिजेत, अशी वकिलांची अट होती, आणि ती पुरी झाली अशी त्यांची खात्रीही झाली होती. प्रत्यक्ष मोजणीत सरासरी २० टक्केच कागद मिळाल्याचे आढळले.

कारणमीमांसा भाषाभ्यासकाला परिचित वाटेल अशी आहे. एक पक्ष ज्याला ‘अपघात’ म्हणत होता त्याला दुसरा पक्ष ‘दुर्दैवी प्रसंग’ म्हणे. कोणी ‘घटना’ लिही, तर कोणी ‘अडचण’. काही पत्रांत तर केवळ ‘आपल्या मागील पत्रातील विषय’ एवढाच उल्लेख असे. यंत्रभागांची तांत्रिक चर्चा करणाऱ्या कित्येक कागदांत त्या घटनेचे नावही नव्हते, आणि तरीही ते अत्यंत महत्त्वाचे होते. ज्या गोष्टीची जबाबदारी नको असते तिला माणूस सहसा तिच्या उघड नावाने संबोधीत नाही. म्हणजे, ज्या कागदाचे पुराव्यातील मोल अधिक, त्यातच अपेक्षित शब्द असण्याचा संभव पुष्कळदा कमी. शब्दशोधाची ही मर्यादा यंत्राच्या वेगाने भरून निघणारी नव्हती.

३

तथापि या प्रयोगाचा परिणाम न्यायव्यवहारावर लगेच झाला नाही. ती निकड ई-पत्रव्यवहाराने आणली. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातील ‘झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग’ हा नोकरीतील भेदभावाचा खटला यास कारण झाला. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००३ व २००४ साली त्यात दिलेल्या निर्णयांनी, साठवणफितींतील जुनी ई-पत्रे हुडकण्याचा खर्च कोणी सोसावा आणि ती नष्ट होऊ न देण्याचे कर्तव्य कोणाचे, याचे दंडक घालून दिले. प्रतिपक्षाच्या कर्मचाऱ्यांनी काही पत्रे पुसून टाकल्याचे निष्पन्न झाले. २००५ साली ज्यूरीने वादी स्त्रीला सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर देवविले. १ डिसेंबर २००६ पासून संघीय नियमांत ‘इलेक्ट्रॉनिक रूपात साठविलेली माहिती’ हा स्वतंत्र वर्ग आला.

आता वकिलांपुढे लक्षावधी पत्रांचे ढीग होते आणि हाती साधन तेच, शब्दांची यादी. उभय पक्ष या यादीवर बाजारातल्यासारखी घासाघीस करीत. एकाने वीस शब्द सुचवावे, दुसऱ्याने बारा मान्य करावे, अशी रीत पडली. २००८ साली ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध ओकीफ’ प्रकरणात न्यायाधीश जॉन फॅचिओला यांनी या रीतीवर नेमके बोट ठेवले. अमुक शब्दांनी हवी ती माहिती मिळेल की नाही हा प्रश्न निदान संगणकविद्या, संख्याशास्त्र आणि भाषाशास्त्र या तीन शास्त्रांच्या सीमेवरचा असून वकिलांनी वा न्यायाधीशांनी तो अनुमानधपक्याने सोडवू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुराव्याच्या शोधात भाषाशास्त्राला न्यायासनाकडून इतक्या स्पष्टपणे स्थान मिळावे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

४

याच सुमारास दुसरी विचारधारा पक्व होत होती. शब्द वकिलाने न सांगता ते यंत्राने उदाहरणांवरून ओळखावेत, ही ती धारा. तिची रीत थोडक्यात अशी. खटला जाणणारा वकील काही शेकडा कागद वाचून त्यांवर ‘संबद्ध’ किंवा ‘असंबद्ध’ अशी खूण करतो. प्रत्येक कागदातील शब्द वा अक्षरखंड यंत्र मोजते, दोन वर्गांत त्यांचे प्रमाण कसे वेगळे पडते ते पाहते आणि प्रत्येकास धन वा ऋण भार देते. या भारांच्या बेरजेनुसार उरलेले सर्व कागद उतरत्या क्रमाने लावले जातात. वकील वरचे कागद पुन्हा तपासतो आणि त्याच्या नव्या खुणांवरून भार सुधारतात. यात यंत्राला अर्थ कळतो असे मानण्याचे कारण नाही. ‘अपघात’ न म्हणणारी पत्रे त्याला सापडतात, कारण त्यांत त्याच व्यक्तींची, त्याच भागांची, त्याच तारखांची नावे एकत्र येतात. शब्दाचा अर्थ त्याच्या सहवासावरून अजमावता येतो, हा भाषाशास्त्रातील जुना सिद्धान्त येथे संख्येच्या रूपाने राबविला जातो.

या पद्धतीची परीक्षा अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने चालविलेल्या ‘ट्रेक’ उपक्रमाच्या विधिविभागात २००६ ते २०११ या काळात झाली. प्रथम तंबाखू कंपन्यांवरील खटल्यांतून बाहेर आलेले सुमारे ७० लाख दस्तऐवज वापरले गेले. पुढे २००१ साली कोसळलेल्या एन्रॉन कंपनीची, शासकीय चौकशीनंतर २००३ साली खुली झालेली, ई-पत्रे वापरण्यात आली. ज्यांचा गुन्ह्याशी संबंध नव्हता अशा कर्मचाऱ्यांची खासगी पत्रेही यामुळे संशोधनाची सामग्री बनली, हेही या इतिहासात नोंदविले पाहिजे. या सामग्रीवरील निष्कर्षांच्या आधारे मॉरा ग्रॉसमन आणि गॉर्डन कॉर्मॅक यांनी २०११ साली असे प्रतिपादन केले की, यंत्रसाह्याने केलेला शोध माणसांनी सर्व कागद वाचून केलेल्या शोधाहून हीन नाही आणि निवडीच्या नेमकेपणात तर तो बराच सरस आहे. येथे एक समज ढासळला. माणसाचे वाचन हे सोन्याच्या कसासारखे निर्दोष प्रमाण मानले जात असे, परंतु एकच ढीग दोन चमूंना दिला असता त्यांच्या निवडीत मोठी तफावत पडते, असे प्रयोगांत दिसून आले.

२४ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘डा सिल्वा मूर विरुद्ध पब्लिसिस’ या लिंगभेदाच्या खटल्यात न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी तीस लाखांहून अधिक ई-पत्रांच्या शोधासाठी या पद्धतीस मान्यता दिली. अमेरिकी न्यायालयाच्या निर्णयात तिला मिळालेली ही पहिली स्पष्ट संमती होय. आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१५ साली तोच मार्ग धरला. इंग्लंडात फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘पिऱ्हो’ खटल्यात, मूळ १ कोटी ७६ लाख फायलींतून पुनरुक्त प्रती वगळून उरलेल्या सुमारे ३१ लाखांच्या शोधासाठी तिला परवानगी मिळाली.

५

या पद्धतीने कामाचा खर्च आणि कालावधी उतरला, ही गोष्ट खरी. परंतु तिचे अधिक टिकाऊ फळ वेगळे आहे. शोध पुरेसा झाला काय, हा प्रश्न तिने मोजण्याच्या कक्षेत आणला. मिळावयास हवे होते त्यांपैकी किती मिळाले, ही व्याप्ती. जे मिळाले त्यांपैकी किती उपयोगी, हा नेमकेपणा. या दोन मापांचा भेद न ओळखल्यास फसगत कशी होते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. दहा लाख कागदांत दहा हजार संबद्ध आहेत असे समजा. एखाद्या यंत्राने सर्वच कागद असंबद्ध ठरविले, तरी त्याचे ९९ टक्के निर्णय बरोबर ठरतील, आणि पुरावा मात्र एकही मिळणार नाही. दुसऱ्या यंत्राने एक लाख कागद निवडले व त्यांत ५,५०० संबद्ध निघाले. टाकून दिलेल्या नऊ लाखांतून एक हजार कागद यदृच्छया काढून तपासले असता केवळ पाच संबद्ध सापडले. अर्धा टक्का हा आकडा नगण्य भासतो. परंतु नऊ लाखांचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे ४,५०० कागद होतात. व्याप्ती ५५ टक्क्यांवरच थांबली. जो पक्ष केवळ अर्ध्या टक्क्याचा हवाला देतो तो असत्य बोलत नाही, आणि तरीही प्रतिपक्ष जवळजवळ निम्म्या पुराव्याला मुकतो.

म्हणून जबाबदारीची जागा बदलली, जबाबदारी गेली नाही. अमेरिकी नियमांनुसार वाजवी चौकशी केल्याचे प्रमाणपत्र आजही वकिलाच्या सहीनेच द्यावे लागते. प्रारंभीच्या खुणा कोणी केल्या, संबद्धतेचा अर्थ किती आकुंचित धरला, टाकलेल्या ढिगाचा नमुना कोणी तपासला, हे प्रश्न आता प्रकटीकरणाच्या वादाचे केंद्र बनले आहेत. खुणा करणाऱ्याची दृष्टी संकुचित असेल, तर यंत्र तीच दृष्टी लक्षावधी कागदांवर निष्ठेने लादील.

६

भारतातील परिस्थिती वेगळी आहे. येथे वादाचा भर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या ग्राह्यतेवर राहिला आणि शोधाच्या पुरेपणाची चर्चा मागे पडली. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या प्रकरणात, निवडणूक कार्यालयातील चित्रफितीच्या प्रतींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ साधनच न्यायालयात हजर केलेले नसेल तर प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे १४ जुलै २०२० रोजी ठरले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही प्रमाणपत्राची तरतूद कायम आहे. मात्र २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय अधिनियमाने वाणिज्यिक दाव्यांपुरता अकरावा आदेश बदलून, इलेक्ट्रॉनिक अभिलेखांसह सर्व संबद्ध दस्तऐवज शपथेवर प्रकट करण्याचे कर्तव्य पक्षांवर टाकले आहे. यास्तव पुरेपणाचा प्रश्न येथेही अटळ आहे.

तो उद्भवेल तेव्हा मराठी कागदांचे काय, याचा विचार आजच झाला पाहिजे. इंग्रजीत जो शब्द एक-दोन रूपांनी येतो तो मराठीत सामान्यरूप, विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यांमुळे अनेक रूपांनी येतो. ‘पैसा’ हा शब्द शोधणाऱ्यास ‘पैशांसाठी’, ‘पैशाबाबत’, ‘पैशांचेही’ ही रूपे आपोआप मिळत नाहीत. एकाच व्यापाऱ्याच्या पत्रव्यवहारात देवनागरी, रोमन लिपीत लिहिलेली मराठी आणि मधूनच हिंदी-इंग्रजी वाक्ये आढळतात. रोमन लेखनाला तर प्रमाणलेखनच नाही. जमिनीच्या वादात मोडी लिपीतील जुने कागद पुढे येतात, त्यांचे वाचन हाच एक स्वतंत्र प्रश्न आहे. अक्षरखंडांवरून शिकणारी यंत्रे विकाररूपांचा अडसर काही अंशी ओलांडतात. परंतु त्यांची व्याप्ती इंग्रजीवरील प्रयोगांच्या आकड्यांवरून गृहीत धरता येणार नाही. मराठी कागदांवर ती स्वतंत्रपणे मोजावी लागेल. अन्यथा ज्याचे पुरावे मराठीत आहेत तो पक्ष न कळत हरेल, आणि शोध झाला अशी नोंद मात्र राहील.

७

अलीकडे मजकूर स्वतःच रचणाऱ्या यंत्रांचा प्रवेश या क्षेत्रात झाला आहे. ती कागदांचे सार सांगतात आणि निवडीची कारणेही देतात. २०२३ साली ‘माटा विरुद्ध एव्हिअँका’ प्रकरणात अशा यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे वकिलांनी न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. येथे भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. क्रम लावणारे यंत्र चुकते तेव्हा खरा कागद मागे राहतो. रचणारे यंत्र चुकते तेव्हा खोटा कागद पुढे येतो. पहिल्या चुकीवर नमुना-तपासणीचा उपाय आहे, दुसरीवर प्रत्येक विधान मूळ कागदाशी ताडून पाहण्यावाचून उपाय नाही.

साठ वर्षांहून अधिक काळाच्या या इतिहासाचे तात्पर्य असे की, पुराव्याच्या शोधातील प्रगती यंत्राच्या वेगाने जितकी झाली, त्याहून अधिक ती स्वतःच्या खात्रीवर अविश्वास ठेवण्याने झाली. १९८५ च्या प्रयोगातील वकील अप्रामाणिक नव्हते. आपल्याला तीन चतुर्थांश कागद मिळाले असे ते मनापासून मानत होते. त्यांच्या समजुतीतील आणि वस्तुस्थितीतील अंतर मोजणारा कोणी भेटला, म्हणूनच ते उघड झाले.