अल्कली खडकांची उत्पत्ती

सिलिका वा ॲल्युमिना यांच्या मानाने सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाण जास्त असलेल्या अग्निज खडकांना अल्कली खडक म्हणतात. यांपैकी पुष्कळांत सिलिकेची तूट असते व त्यामुळे क्वॉर्ट्‌झ नसून नेफेलीन, ल्यूसाइट यांसारखी खनिजे आढळतात. अग्निज खडकांत यांचा वाटा अल्प आहे. तरी त्यांच्या उत्पत्तीविषयीचा वाद अर्धशतक चालला.

बेसाल्टी शिलारस वर चढताना चुनखडकाचे सात्मीकरण करतो, असे आर. ए. डेली यांनी १९१० मध्ये सुचविले. चुना सिलिकेशी संयोग पावतो, तयार झालेली जड खनिजे खाली बसतात व उरलेल्या शिलारसात सिलिकेची तूट पडते. एस. जे. शँड यांनी ही कल्पना उचलून धरली. अनेक अल्कली क्षेत्रांत चुनखडकाचा मागमूसही नसतो, ही तिची उघड उणीव होती.

वादाचे मर्म कार्बोनेटाइटात, म्हणजे अल्कली खडकांसोबत आढळणाऱ्या कॅल्साइटयुक्त राशींत होते. नॉर्वेतील फेन येथील अशा राशी शिलारसापासून बनल्या आहेत, असे डब्ल्यू. सी. ब्रगर यांनी १९२१ मध्ये प्रतिपादिले. एन. एल. बोएन यांनी १९२४ मध्ये त्यास विरोध केला. कॅल्साइट वितळण्यास लागणारे प्रचंड तापमान पाहता तो आक्षेप रास्त होता. मात्र पाण्याच्या सान्निध्यात दाबाखाली कार्बोनेटी द्रव सु. ६५०° से. तापमानासही टिकतो, हे पी. जे. वायली व ओ. एफ. टटल यांच्या १९६० मधील प्रयोगांनी दाखविले. त्याच वर्षी टांगानिकातील (आताच्या टांझानियातील) ओल्डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीच्या विवरात सोडियम कार्बोनेटयुक्त लाव्हा वाहताना दिसला.

तरीही हा द्रव वितळलेल्या चुनखडकाचाच नसेल कशावरून, हा प्रश्न उरला. तो स्ट्रॉन्शियमाच्या समस्थानिकांनी सोडविला. किरणोत्सर्गी रुबिडियम (८७) पासून स्ट्रॉन्शियम (८७) बनते. कॅल्साइटात रुबिडियम जवळजवळ नसते. म्हणून स्ट्रॉन्शियम (८७) व (८६) यांचे मूळचे गुणोत्तर त्यात कायम राहते. सागरी चुनखडकात ते बहुधा ०·७०७ ते ०·७०९ असते, कारण खंडांवरील जुन्या खडकांच्या झिजेतून आलेले स्ट्रॉन्शियम सागरात मिसळते. प्रावरणातून आलेल्या बेसाल्टात ते सामान्यतः ०·७०३ च्या आसपास असते. जे. एल. पॉवेल, पी. एम. हर्ली व एच. डब्ल्यू. फेअरबेर्न यांनी १९६२ मध्ये कार्बोनेटाइटांची गुणोत्तरे प्रसिद्ध केली; ती चुनखडकाशी नव्हे, तर प्रावरणाशी जुळली. शिवाय कार्बोनेटाइटात स्ट्रॉन्शियम व विरल मृत्तिका चुनखडकाच्या अनेक पट असतात. चुनखडक वितळून हे आधिक्य येणे शक्य नाही.

गुजरातमधील अंबाडोंगर येथील कार्बोनेटाइटाची नोंद मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील आर. एन. सुखेसवाला यांनी जी. आर. उदास यांच्यासह १९६३ मध्ये केली. दख्खन ट्रॅपच्या काळातील, सु. ६·५ कोटी वर्षांपूर्वीचे हे कंकण बाघ थरांत घुसलेले आहे. त्या थरांत चुनखडकही आहे. तेथील गुणोत्तर सु. ०·७०५ ते ०·७०६ भरते, म्हणजे सागरी चुनखडकाहून कमी, पण नेहमीच्या प्रावरणाहून जास्त. मूळ प्रावरणच आधी या मूलद्रव्यांनी समृद्ध झालेले होते, की वर येताना कवचाचा अंश मिसळला, याविषयी मतभेद आहेत.