सायकलीचा बिल्ला गेला, नोंदही गेली

मंगळसूत्राची पावती कुठे ठेवली आहे, असं विचारलं तर तुम्ही झोपेतही सांगाल. कपाटात, तांदळाच्या डब्यात, नाहीतर लग्नातल्या शालूच्या घडीत. म्हशीच्या विम्याचा कागदही सापडेल. पण पोरगी रोज शाळेला नेते त्या सायकलीची पावती कुठे आहे? तिच्यावर कारखान्याने ठोकलेला नंबर कुणाला पाठ आहे? आमच्या प्रभागातल्या बैठकांमध्ये मी हे विचारत आले आहे. बायका एकमेकींकडे बघतात आणि हसतात. म्हणून आज सायकलीच्या चोरीबद्दल बोलायचं, पण जरा लांबून, इतिहासातून यायचं.

आपल्या भागात सायकलीची गोष्ट सुरू होते ती बेळगावात. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी तिथे सायकलीचं दुकान काढलं. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत तंत्रशाळेत शिकवत होते. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात विकायचे. नुसत्या विकायचे नाहीत, चालवायलाही शिकवायचे. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये आणि शिकवणीचे १५ रुपये, असं किर्लोस्करांच्या गोष्टीत नेहमी सांगितलं जातं. त्या काळी सोनं तोळ्याला पंचवीस रुपयांच्या आत-बाहेर होतं. म्हणजे एका सायकलीत अठ्ठावीस ते चाळीस तोळे सोनं आलं असतं! अशी वस्तू कोण अंगणात लावील? ती माजघरात, डोळ्यांसमोर. शिवाय अख्ख्या गावात अशा चार-दोनच. कुणी पळवली तरी तो तिच्यावर बसून जाणार कुठे? रस्त्यावरचं पोरसुद्धा सांगेल, ही अमक्या वकिलांची गाडी.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली आणि १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ती आज आपल्या सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. सायकलीच्या दुकानातून सुरू झालेलं हे घराणं नांगर आणि पंप करू लागलं. याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवायला हवं. वाडीची अजून एक गोष्ट मला फार आवडते. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे राखणदार नेमलं होतं. चोराच्या वाटा ठाऊक असलेला माणूस राखणीला!

राखण हा शब्द निघाला, तर सायकलीच्याही आधीची एक रीत सांगते. दख्खनच्या गावगाड्यात रामोशी किंवा जागल्या रात्री गावाला फेरी मारायचा. चोरी झाली की पायांचा माग काढत तो शिवेपर्यंत जायचा. माग शेजारच्या गावात शिरला, तर पुढचा शोध त्या गावाच्या गळ्यात. आणि माग जिथे हरवेल त्या गावाने चोरीची भरपाई द्यायची. १८१८ साली पेशवाई गेली, त्यानंतर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ही रीत आपल्या अहवालांत लिहून ठेवली आहे. यातली गंमत बघा. चोरी एका घरात झाली तरी तिची जबाबदारी गावाची. आणि गेलेली वस्तू कुणाची, तिची खूण काय, हे आधीच चारचौघांना माहीत. आजही जनावरांच्या बाजारात पावती फाडल्याशिवाय बैल हलत नाही आणि पावतीवर रंग, शिंगं, वय लिहितात. सायकलीपेक्षा बैलाची ओळख आपण जास्त नीट ठेवतो.

स्वातंत्र्यानंतर सायकल स्वस्त झाली. मद्रासकडे टीआय सायकल्सचा कारखाना १९४९ चा, सोनीपतचा अ‍ॅटलास १९५१ चा, लुधियानाचा हिरो १९५६ चा. दूधवाला, पोस्टमन, मास्तर, कारखान्याचा कामगार असे सगळे सायकलवर आले. आणि सायकल हुंड्यातही आली. जावयाला सायकल, घड्याळ आणि रेडिओ, हे त्रिकूट आपल्या आजी-आत्यांना विचारा. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी मांडवात सायकल उभी राहायची थांबली नाही. पैसे मुलीच्या बापाचे, सायकल जावयाची. आणि मुलगी? ती मागे कॅरिअरवर, एका बाजूला पाय सोडून.

याच काळातली वस्तू म्हणजे बिल्ला. तुमच्या सासऱ्यांच्या जुन्या ट्रंकेत एखादा सापडेल. सायकलीवर कर होता. नगरपालिका तो घ्यायची, आणि १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानेही सायकलीवर आणि बैलगाडीवर कर बसवायची मुभा पंचायतींना दिली होती. कर भरला की पत्र्याचा किंवा पितळेचा नंबर घातलेला बिल्ला मिळायचा आणि तो सायकलीला लावायचा. काही गावांत दर वर्षी त्याचा आकार बदलायचा, म्हणजे जुना बिल्ला लांबूनच ओळखू यावा. बिल्ला नाही, रात्री दिवा नाही, डबल सीट बसलात, की हवालदार चाकाची हवा सोडायचा. लोक वैतागायचे, आणि ते बरोबरच होतं. गरिबाच्या वाहनावर कर कशाला?

पण त्या कराबरोबर दुसरं एक काम न बोलता होत होतं. कचेरीच्या वहीत नंबर, पुढे नाव, गाव. सायकल गेली तर सांगायला एक आकडा होता. चोराला बिल्ला उपटून टाकावा लागायचा आणि बिनबिल्ल्याची सायकल नाक्यावर अडायची. पुढे ठिकठिकाणी हा कर बंद झाला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. कर जायलाच हवा होता, असं माझंही मत आहे. पण कराबरोबर वहीही गेली आणि तिच्या जागी दुसरी वही कुणी घातली नाही.

भाड्याच्या सायकलींची दुकानंही याच सुमारास मोडत गेली. तासावर सायकल देणारा दुकानदार आधी विचारायचा, "कुणाचा रे तू?" बापाचं नाव, आळी, वेळ, सगळं वहीत. मडगार्डवर तेलरंगाने दुकानाचं नाव आणि मोठा नंबर. दुकानात तीस सायकली आणि वर्षभर सगळा गाव फिरवतो, तरी त्या परत येत. मी म्हणते, त्या दुकानदाराचं खरं कुलूप त्याच्या वहीत होतं.

खरं तर ही अक्कल आपल्या बायकांना शिकवावी लागत नाही. लग्नकार्यात शंभर घरची पातेली एकत्र येतात आणि तरी आपलं पातेलं आपल्या घरी परत येतं, कारण बुडाशी नाव घातलेलं असतं. भांडी घेताना दुकानातच मशीनने नाव घालून घेतो. चाळीस रुपयांच्या वाटीवर नाव, आणि काही हजारांच्या सायकलीवर काही नाही.

आता मुलींकडे येते. बिहार सरकारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी दोन-दोन हजार रुपये दिले. अभ्यासकांनी नंतर पाहणी केली, तेव्हा माध्यमिक शाळेत मुलींचं नाव घालण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. एका सायकलीने शाळा सुरू राहते, तशी एक सायकल गेली की शाळा सुटूही शकते. आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीची सायकल एसटीच्या थांब्यावरून गेली. आई तक्रार द्यायला गेली. रंग? निळा. कंपनी? आठवत नाही. नंबर? गप्प. पावती मुलीच्या वडिलांनी कधीच चुरगाळून टाकली होती. मुलगी तीन किलोमीटर चालत जाऊ लागली, मग अंधार लवकर पडायला लागल्यावर आठवड्यातून तीनच दिवस. पुढे घरात तिच्या लग्नाचं बोलणं निघालं. सायकलीमुळे निघालं असं कुणी म्हणणार नाही. पण ती घरी बसली आणि मगच निघालं.

कायद्याचंही ऐका, कारण तो बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं कलम आता ३०३. त्यात नवीन भर अशी, की वस्तूची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. पोराटोरांना एका चुकीसाठी तुरुंगात धाडू नये, हे मला पटतं. अडचण दुसरीच आहे. हा प्रकार अदखलपात्र म्हणून दाखवला आहे. म्हणजे ठाण्यात एनसी लिहून घेतात, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. कायदा करणाऱ्यांना पाच हजार किरकोळ वाटले असतील. मला तो आकडा आपल्याकडच्या वापरलेल्या सायकलीला बेतून कापल्यासारखा वाटतो. म्हणून पावती सांभाळायची. सायकल पाच हजारांच्या वरची आहे हे दाखवायला तोच कागद आहे. आणि एनसी झाली तरी तिची प्रत मागून घ्यायची.

राहत्या घरातून झालेल्या चोरीचं कलम वेगळं आहे, ३०५. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. तेव्हा रात्री सायकल आत घ्या, उंबऱ्याला चाकाचा डाग पडला तरी चालेल. दुसरं, बाजारात कुणी हजार रुपयांत चांगली सायकल देत असेल आणि पावती नाही म्हणत असेल, तर हात लावू नका. चोरीचा माल माहीत असून घेणं हाही गुन्हाच आहे, कलम ३१७.

कुलपाचं थोडक्यात. मागच्या चाकाला बसवलेलं गोल कुलूप चाक फिरू देत नाही, एवढंच. सायकल उचलून टेम्पोत टाकायला ते आड येत नाही. जाड साखळी घ्या आणि ती चाक, फ्रेम आणि खांब अशा तिघांतून ओवा. झाडाच्या कोवळ्या फांदीला नाही, रोवलेल्या खांबाला. मुलींनी चार-पाच सायकली एकाच साखळीत बांधल्या तर आणखी चांगलं.

आणि वही. ती आपल्याकडे आहेच. हप्ते, व्याज, दंड सगळं आपण लिहितो, तर शेवटची दोन पानं सायकलींना द्या. पुढच्या बैठकीला सायकली घेऊन या. नंबर बहुतेक वेळा दोन्ही पायडल ज्या दांड्याला जोडलेले असतात त्याच्या खालच्या अंगाला असतो, काही गाड्यांना सीटच्या खाली नळीवर. सायकल उलटी करायला दोघी लागतील. चिखल फडक्याने पुसा आणि वरून पांढरा खडू घासा, म्हणजे आकडे उठून दिसतात. कंपनी, रंग, नंबर, घेतल्याची तारीख, किंमत लिहा आणि पावतीचा फोटो गटाच्या मोबाईलमध्ये ठेवा. चेन कव्हरवर पेंटरकडून नाव घालून घ्या. मालकाच्या रकान्यात, सायकल जी चालवते तिचं नाव लिहा. वडिलांचं किंवा भावाचं नको.