भाऊचा धक्का: नावातला वारसा

पुण्याला समुद्र नाही. तरी आपल्यापैकी अनेकांचे कोकणातले आजोबा-पणजोबा बोटीने आधी मुंबईला, भाऊच्या धक्क्यावर उतरले. 19व्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी तो बांधला. 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट याच नावाच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि बुडाली. 600हून अधिक माणसं गेली.

भाऊंचा मूळ धक्का आज उरलेला नाही. आजचा धक्का माझगावला आहे, कागदोपत्री 'फेरी व्हार्फ'. पण रेवस-मोऱ्याचे प्रवासी त्याला भाऊचाच म्हणतात. आम्ही संगणकवाले यंत्र बदललं तरी पत्ता तोच ठेवतो, तसंच हे. बांधकाम गेलं, लोकांनी नाव राखलं. बोटीच्या प्रवासाच्या आठवणी मात्र सांगणाऱ्यांबरोबर जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि लिहून ठेवा.