चाळीस पानं हातात

पहिला मुक्काम थोडाच वेळ आहे. साल 1527, जून महिना, आग्रा. रमझान चालू आहे आणि उन्हानं यमुनेकाठची बाग करपून गेली आहे. तुम्ही एका झाडाआड उभे आहात. खानव्याची लढाई मारून बाबराला जेमतेम तीन महिने झालेत. उपवास आहे, उकाडा आहे, नव्या राज्याचे हजार व्याप आहेत, तरी हा गृहस्थ रोजनिशी लिहितोच. आज तो लिहितो की मीर अलीला सिंधमध्ये ठट्ट्याला, शाह हसनकडे रवाना केलं. शाह हसनला गंजिफाचा शौक, त्यानं मागितल्या होत्या, म्हणून पाठवल्या.

एवढंच. पत्ते मागवले, पत्ते धाडले. मला बाबर आवडतो तो अशा ओळींसाठी.

मीर अलीच्या सामानात जरा डोकावलात तर पानांचा संच दिसेल. मोगली गंजिफाचा जो संच पुढे रूढ झाला, तो 96 पानांचा. आठ रंग आणि प्रत्येकात बारा पानं: ताज, तलवार, गुलाम, वाद्य, सोन्याचं नाणं, रुप्याचं नाणं, सनद, माल. अख्खी सरकारी जमाबंदी हातात धरून खेळायचा हा खेळ. याहून मोठा खेळही होता. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांचा, म्हणजे 144 पानांचा खेळ वर्णिला आहे, कुठल्या रंगाचा राजा कोण आणि कशावर बसलेला, या तपशिलासकट. तो वाचत बसलात तर इथेच रात्र होईल. चला.

आता 1840च्या आसपासची सावंतवाडी. श्रावण आहे, पाऊस थांबायचं नाव घेत नाही. चितार आळीतल्या एका पडवीत तुम्ही अंग चोरून उभे आहात. आत बसलेला चितारी मान वर करत नाही.

त्याच्यापुढे चिंचोक्याची खळ आहे. तिनं एकावर एक डकवलेले कागदाचे थर, त्यांवर खडूचा लेप, मग दगडानं घासघासून आणलेला गुळगुळीतपणा. गोल कापून झालेल्या चकत्या शेजारी रचल्या आहेत. जमिनीचा रंग देऊन झाला आहे; इथल्या गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग वेगळे हवेत. सध्या तो मत्स्याची दश्शी करतोय. रुपयाहून थोडी मोठी चकती आणि तिच्यात दहा मासे बसवायचेत. खारीच्या केसांचा कुंचला, चार-सहा केस असतील नसतील. एका फटक्यात पाठ, दुसऱ्यात पोट, शेपटीला टोचल्यासारखे दोन ठिपके. सहावा मासा होईपर्यंत तुम्ही श्वास रोखून धरलेला असतो. त्याचा श्वास मात्र संथ चालू आहे.

तुम्ही हिशेब करता. एक्क्यापासून दश्शीपर्यंत एका रंगात 55 खुणा. मासे, कासवं, शंख, चक्रं, कमंडलू, परशू असं करत कल्कीपर्यंत दहा रंग, म्हणजे 550. शिवाय दर रंगाचा राजा, म्हणजे खुद्द अवतार, आणि त्याचा प्रधान. अशी वीस चित्रं. मिळून 120 पानं. सगळ्यांवर शेवटी लाखेचा हात, म्हणजे घामेजल्या बोटांनी रंग उतरायला नको. आणि पाठी मात्र सगळ्यांच्या सारख्या, कोऱ्या. तिथे एखादा डाग राहिला तर पान ओळखू येतं आणि संच फुकट.

“कोणासाठी?” तुम्ही विचारता.

“खेळूक,” तो म्हणतो. प्रश्नच त्याला कळलेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रात्री त्याच आळीत वरच्या अंगाला एका घराच्या माजघरात तुम्हाला बोलावणं येतं. उंडेलाचा दिवा, पांढरी चादर, दोन म्हातारे. “बसा मगे, तिसरो व्हयोच होतो,” एक जण म्हणतो. खेळ तिघांचाच. गोल पानं आपल्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, म्हणून ती चादरीवर उपडी पसरून दोन्ही तळव्यांनी कालवतात. मग वाटप, प्रत्येकाला चाळीस. तुमच्या हातात चाळीस गोल चकत्या मावत नाहीत, चार निसटून चादरीवर पडतात, आणि म्हातारे सभ्यपणे छताकडे पाहतात.

दिवसा खेळ असता तर रामाच्या राजावाल्याची उतारी. आता रात्र, म्हणून कृष्णाचा. तो समोरच्याकडे आहे. तो पान टाकतो आणि तुम्ही सवयीनं कृष्णाचं पान शोधू लागता. तसं नसतं इथे. रंग पाळायचं बंधन नाही, हाताला लागेल ते फालतू पान टाकून मोकळं व्हायचं. मग खेळ कशात आहे?

खेळ डोक्यात आहे. त्या त्या रंगातलं, अजून बाहेर न पडलेल्यांत सगळ्यात मोठं पान म्हणजे हुकूम. हुकूम तुमच्याकडे असेल तर तो हात तुमचा, कोणी अडवू शकत नाही. पण ते पान हुकूम झालंय हे तुम्हाला कळायला हवं ना! त्यासाठी आतापर्यंत कुठली पानं पडली ते आठवायला हवं. त्यात आणखी एक खोच. दहांतल्या पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात हलका. उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दश्शीला कोणी विचारत नाही. म्हणजे तुमच्या हातातली ही क्षुल्लक तिर्री. रंग उलट्या पाचांतला. राजा पडला, प्रधान पडला, एक्काही गेला. दुर्री? दुर्री पडली का? मघाशी डावीकडच्या म्हाताऱ्यानं कंटाळल्यासारखी काहीतरी दोन खुणांची चकती फेकली होती. ते शंख होते की कमंडलू?

तुम्ही तिर्री हातातच ठेवता. दोन हातांनंतर उतारीही जाते आणि तिर्रीही वाया जाते.

“झोपलास काय रे? हुकूम होतो तुझो!” आता तो अरे-तुरेवर आलाय. ती दुर्री पहिल्या पाच हातांतच गेली होती, आणि ती कोणी टाकली, त्या वेळी बाकीच्या दोघांनी काय टाकलं, हे तो दिव्याची वात सारता सारता सांगतो. एका डावात चाळीस हात. चाळिसांचे चाळीस त्याला पाठ आहेत. नशिबाला इथे जागा फक्त वाटपापुरती आहे. जुगाराची चटक लागावी अशी ही चीज नाही. हिच्यात चटक लागते ती स्वतःच्या स्मरणशक्तीची, आणि माझ्या मते ती जास्त वाईट. पहाटेपर्यंत तुम्ही उठत नाही. हरलेला प्रत्येक डाव तुम्हाला नीट, जवळजवळ आठवू लागलेला असतो. त्या ‘जवळजवळ’पायीच माणूस पुन्हा पानं कालवायला बसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या एखाद्या बाजारात उतरा. दुकानदाराच्या फळीवर चौकोनी पत्ते, बेल्जियमसारख्या देशांतल्या कारखान्यांत छापलेले. बावन्न पानं, चार रंग, किंमत परवडणारी. पिसायला सोपे, हातात पंख्यासारखे उघडतात. पाच-तीन-दोन मांडलं तर तेही तिघांचंच आणि एकेकाच्या हातात दहा पानं. चाळीस कोण सांभाळणार? यात छापखान्याला दोष देण्यात अर्थ नाही. बदाम सात, लाडीस, मेंढीकोट या खेळांनी मे महिन्याच्या कितीएक दुपारी निभावून नेल्या आहेत. पण चितार आळीत एक संच करायला जितके दिवस लागतात, तितक्यात यंत्रातून किती कॅट पडत असतील ते बघा, आणि चितारी लाकडी फळं, पाट आणि खेळणी का करू लागला ते समजून घ्या.

शेवटचा मुक्काम 1970च्या दशकातला, पुन्हा सावंतवाडी. मोती तलावासमोरचा राजवाडा. संस्थान विलीन झालंय, दरबार हॉलमध्ये आता दरबार भरत नाही. तिथे राणी सत्वशीलादेवी भोसले स्वतः कुंचला घेऊन बसल्या आहेत. राजे शिवरामराजे आणि त्यांनी मिळून ही विद्या वाचवायचं मनावर घेतलं तेव्हा ती जाणणारे हात फार थोडे उरले होते. पुंडलिक चितारी हे त्यांतले एक वृद्ध कारागीर. त्यांच्याकडून राणीसाहेब शिकल्या, मग गावातली तरुण मुलं शिकली. मुंबईत त्याच सुमारास रुडॉल्फ फॉन लायडन या जर्मन कलासमीक्षकाला गंजिफांनी झपाटलं होतं. रझा, सूझा, आरा या चित्रकारांच्या पाठीशी उभा राहिलेला हा माणूस देशभर फिरून जुने संच गोळा करत होता. 1982 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं त्याचं गंजिफांवरचं पुस्तक काढलं.

या सगळ्यांचे उपकार मोठे आहेत, यात वाद नाही. तरी 1840च्या माजघरातून थेट इथे आल्यामुळे तुम्हाला एक गोष्ट खटकते. वाचलं ते चित्र. मासे अजून सुरेख निघतात, लाखेची चकाकी तीच आहे. पण संच विकला जातो तो भेट म्हणून, दिवाणखान्यात लावायला, पाहुण्यांना दाखवायला. दहा राजे काचेमागे ओळीनं बसतात. दुर्री, तिर्री, चौरी यांना तर तिथेही जागा नाही, आणि खरा खेळ त्यांच्याच जिवावर होता. चितारी ज्या प्रश्नानं गोंधळला, त्याचं उत्तर आता कोणीही सहज देईल: शोभेसाठी.

परत आलात की राजवाड्यातल्या विक्रीच्या टेबलापाशी जा. सरकत्या झाकणाची रंगवलेली लाकडी पेटी घ्या, पूर्ण 120 पानांची. किंमत ऐकून दचकाल, पण 550 खुणा आठवा आणि घासाघीस करू नका. फ्रेमबद्दल विचारलं तर नको म्हणा. तिथल्या तिथे उभ्यानं पानं मोजून घ्या, एक कमी असलं तर खेळ बसणार नाही. टेबलामागची मुलगी कुतूहलानं पाहील, तिला सांगा की खेळायला हवंय.

मग घरी येऊन चादर पसरा आणि चुलतभावाला फोन लावा. रात्री साडेनऊला या, वहिनींनाही आणा, तिघंच लागतात, नियम मी सांगतो, पाच रंगांत एक्का मोठा आणि पाचांत दश्शी.

“एवढं लक्षात कोण ठेवणार?” तो म्हणेल. “रमी खेळू की.”

त्याला साडेनऊची वेळ पुन्हा एकदा सांगा.