आठ तासांचा किनारा

कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझचे तिकीट काढले की निघायच्या कितीतरी आधीपासून एक प्रश्न घरात घोळू लागतो. जहाज सकाळी आठच्या सुमारास बेटाला लागणार, संध्याकाळी पाचच्या आत परत यायचे; मधल्या वेळात कोणत्या रिसॉर्टच्या किनाऱ्यावर जावे? पाणी शांत आहे का, सावलीत आरामखुर्ची मिळेल का, जेवण दिवसभराच्या पासात धरले आहे का, धक्क्यापासून टॅक्सीला किती वेळ लागेल, हे सारे पाहावेच लागते, कारण जहाज कोणासाठी थांबत नाही. पण या सगळ्यांच्या आधी एक प्रश्न यायला हवा आणि तो सहसा येत नाही: हा किनारा कोणाचा आहे? गेल्या सव्वाशे वर्षांत उतारूंचा किनारा हळूहळू गावाच्या हातून जहाजाच्या हातात गेला. प्रवाशांना तसेच हवे होते म्हणून हे झाले, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. प्रवाशाची आवड नंतर आली. त्याआधी कायदा, बंदरांची सोय आणि कंपन्यांची हिशेबाची वही यांनी वाट आखून ठेवली होती.

सुरुवात केळ्यांपासून झाली. १८७० मध्ये लोरेंझो डाऊ बेकर या अमेरिकन कप्तानाने जमैकातून केळी भरून न्यू जर्सीला नेली आणि त्यातून एक मोठा व्यापार उभा राहिला. पुढे युनायटेड फ्रूट कंपनीची जहाजे केळ्यांबरोबर माणसेही नेऊ लागली. ही जहाजे पांढरी रंगवलेली असत, उन्हाने माल तापू नये म्हणून. नंतर पांढरा रंग हीच सुट्टीच्या जहाजांची खूण बनली. त्याच सुमारास हँबुर्गच्या आल्बर्ट बालिन यांनी केवळ सहलीसाठी बांधलेले पहिले जहाज, ‘प्रिन्त्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’, पाण्यात सोडले. १९०१ पासून ते वेस्ट इंडीजच्या फेऱ्या करत होते आणि १९०६ च्या डिसेंबरात जमैकाच्याच किनाऱ्यावर खडकावर चढून संपले. त्या वर्षी जमैकातल्या माँटेगो बे या गावात डॉ. मॅकॅटी यांनी आपल्या मालकीची किनाऱ्याची जागा पोहण्याच्या क्लबसाठी देऊन टाकली. तिथे एका गुहेतून वाळूवर उतरावे लागे, म्हणून तिचे नाव डॉक्टर्स केव्ह. १९३२ च्या वादळात ती गुहा कोसळली, पण १९२० च्या दशकात हाडवैद्य सर हर्बर्ट बार्कर यांनी त्या पाण्याच्या गुणांची तारीफ केल्यापासून किनाऱ्याची ख्याती पसरली होती आणि ती टिकली. या काळात जहाज माणसे आणून सोडी, आणि किनारा गावाचा असे: गावच्या डॉक्टरचा, गावच्या क्लबचा, गावच्या नावाड्याचा.

‘गावाचा’ म्हणताना जपून बोलले पाहिजे. ज्या गावाबद्दल आपण बोलतो त्यात गोऱ्यांचा एक लहान गट सगळे ठरवत असे, आणि क्लबाचे दार सगळ्यांना उघडे नव्हते. बहामाच्या राजधानीत, नसाऊच्या मोठ्या हॉटेलांत, काळ्या बहामी माणसाला पाहुणा म्हणून पाय ठेवता येत नसे; सार्वजनिक जागांतल्या या भेदभावाविरुद्धचा ठराव एतिएन द्युपुश यांनी तिथल्या विधिमंडळात मांडला तो १९५६ साली. त्याच वर्षी जमैकात किनारा नियंत्रण कायदा आला. समुद्रकाठ सरकारच्या अखत्यारीत गेला आणि त्याच्या वापरासाठी परवाने सुरू झाले. किनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क सामान्य माणसाला त्या कायद्याने दिला नाही, आणि त्यावरचे भांडण जमैकात अजून चालू आहे. म्हणून कोणी विचारेल की जुना किनारा तरी कुठे सर्वांचा होता? तो नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. फरक इतकाच की तो अन्याय गावातच घडत होता, आणि गावातलेच लोक त्याविरुद्ध उभे राहू शकले. बहामात १९६७ मध्ये काळ्या बहुसंख्याकांचे सरकार आले, १९७३ मध्ये स्वातंत्र्य आले. दार उघडण्याची ताकद लोकांच्या हाती आली, आणि नेमक्या त्याच दशकात उतारूंचा किनारा तिथून उठून दुसरीकडे निघाला.

तो का निघाला हे समजायला १८८६ चा एक अमेरिकन कायदा पाहावा लागतो. परदेशी झेंडा लावलेल्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊ नयेत, असे तो सांगतो. क्रूझची बहुतेक मोठी जहाजे बहामा, पनामा अशा देशांत नोंदवलेली असतात. मायामीहून निघून मायामीलाच परतणाऱ्या अशा जहाजाला वाटेत निदान एका परदेशी बंदराला लागावेच लागते, आणि फ्लोरिडाच्या दाराशी असलेला परदेश म्हणजे बहामा. १९६६ च्या डिसेंबरात टेड आरिसन आणि नॉर्वेचे क्नुट क्लोस्टर यांनी ‘सनवर्ड’ हे जहाज मायामी–नसाऊ मार्गावर नियमित सुरू केले, तेव्हापासून आजच्या क्रूझ धंद्याची गणना होते. नसाऊनेही तयारी ठेवली होती. स्पंजाचा जुना धंदा १९३० च्या दशकाच्या अखेरीस रोगाने बुडाला होता, आणि स्टॅफर्ड सँड्स यांच्या विकास मंडळाने बारमाही पर्यटनावर सगळी भिस्त टाकली होती. १९४९ मध्ये देशात जेमतेम ३२ हजार पाहुणे आले होते. १९६८ मध्ये हा आकडा १० लाखांवर गेला. नसाऊसमोरचे हॉग आयलंड, म्हणजे डुकरांचे बेट, हंटिंग्टन हार्टफर्ड या अमेरिकन धनिकाने विकत घेतले आणि १९६२ मध्ये त्याला पॅराडाइज आयलंड हे नाव मिळाले. बेटाचे नाव विक्रीसाठी बदलता येते, हे तिथे पहिल्यांदा नीट दिसले.

१९७७ मध्ये क्लोस्टर यांच्या नॉर्वेजियन कंपनीने पुढचे पाऊल टाकले. बेरी द्वीपसमूहातले ग्रेट स्टिरप की हे बेट तिने एका तेल कंपनीकडून विकत घेतले. (बहामात छोट्या सपाट प्रवाळी बेटाला ‘की’ म्हणतात.) क्रूझ कंपनीच्या मालकीचे हे पहिले बेट. जहाज दूर नांगरायचे आणि आपल्याकडे कोकणच्या आगबोटीतून उतारू जसे पडावात उतरत, तसे लहान बोटींनी वाळूवर उतरायचे. पण सारखेपणा तिथेच संपतो. कोकणात पडाव गावच्या खलाशांचा असे; इथे बोट जहाजाची, जेवण जहाजाच्या भटारखान्यातले, पेयाचे बिल जहाजाच्याच कार्डावर. कायद्याला हवा तो परदेश मिळाला, कारण जमीन बहामाची; आणि प्रवाशाच्या खिशातला पैसा जहाजाच्याच गल्ल्यात राहिला. मग बाकीच्या कंपन्या का थांबतील? १९९६ च्या अखेरीस हॉलंड अमेरिका लाइनने लिटल सॅन साल्वाडोर हे सुमारे २,४०० एकरांचे बेट ६० लाख डॉलरना घेतले. १९९८ मध्ये डिस्नेने गोर्डा की या बेटाचे कास्टवे की केले आणि तिथे थेट जहाज लागेल असा धक्का बांधला. लाटा उसळल्या की उतरणे रद्द व्हायचे, ती अडचण गेली. २०१९ मध्ये रॉयल कॅरिबियनने २५ कोटी डॉलर खर्चून कोकोके या बेटावर घसरगुंड्यांचे जलोद्यान उभे केले, आणि त्याचे तिकीट वेगळे ठेवले. एवढा पैसा ओतल्यावर बेट हेच सहलीचे कारण होते आणि जहाज त्या बेटावर नेणारे वाहन. प्रवाशाची आवड या टप्प्यावर तयार झाली, आणि ती तयार करायला चाळीस वर्षे लागली.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप असा की ही बेटे निर्जन होती, तर कोणाचे काय गेले? उलट स्वच्छता राहते, मुलेबाळे सुरक्षित पोहतात, वृद्धांना चाकाच्या खुर्चीतून पाण्यापर्यंत जाता येते. यातली सोयीची बाजू खरी आहे. पाय अधू असलेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याने तिचा विचार केला तर त्यात गैर काही नाही. एमएससी कंपनीने वाळू उपसून पोखरलेले एक बेट साफ करून तिथे ओशन की वसवले, तेही नाकारण्यासारखे नाही. पण ‘निर्जन’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो. ग्रेट स्टिरपवर १८३० च्या दशकात गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांची विल्यम्स टाउन नावाची वस्ती होती, जकातीचे ठाणे होते, आणि १८६३ पासून दीपगृह आहे. वस्ती मोडली, माणसे पोटापाण्यासाठी हलली, आणि मग बेट रिकामे म्हणून विकायला आले. शिवाय तोटा नुसत्या रिकाम्या बेटाचा नसतो. नसाऊच्या बाजारात गवती टोपल्या विणून विकणाऱ्या बाया, टॅक्सीवाले, शंखाच्या मांसाचे सॅलड करून देणारे टपरीवाले यांचा दिवस जहाज शहरात किती तास थांबते यावर चालतो. तोच दिवस कंपनीच्या बेटावर गेला की यांच्या हाती काही लागत नाही. २०२३ मध्ये बहामात आलेल्या सुमारे ९६ लाख पाहुण्यांपैकी पाचांत चार समुद्रमार्गे आले. देशाची वस्ती जेमतेम ४ लाख. २०२४ पासून सरकारने प्रवासी कर वाढवताना नसाऊ-फ्रीपोर्टला उतरणाऱ्यासाठी २३ डॉलर ठेवले आणि फक्त खासगी बेटावर जाणाऱ्यासाठी २५. फरक लहान आहे, पण देशाला काय कमी मिळते याची ती सरकारी कबुली आहे. पॅराडाइज आयलंडवर रॉयल कॅरिबियनने स्वतःचा १७ एकरांचा बीच क्लब उभारला, तेव्हा मालकीतला ४९ टक्क्यांपर्यंत वाटा बहामी लोकांसाठी ठेवण्याची बोली झाली. ही बोली १९७७ मध्ये कोणी केली नव्हती.

हैतीतल्या लाबादीचे उदाहरण याहून कठोर आहे. काप-हैतियनजवळची ही किनारपट्टी १९८६ पासून रॉयल कॅरिबियनकडे भाड्याने आहे; भोवती कुंपण, प्रवाशाने बाहेर जायचे नाही. १२ जानेवारी २०१० ला राजधानीत भूकंपाने हाहाकार उडाला आणि तीन दिवसांनी जहाज इथे लागले. लोकांनी मृतांच्या देशात पोहावे का, यावर जगभर वाद झाला. कंपनीचे म्हणणे होते की जहाजातून मदतीचे सामान आले आहे आणि फेऱ्या थांबवल्या तर तिथल्या लोकांचे उत्पन्नही जाईल. त्या युक्तिवादात तथ्य होते. पण त्याच युक्तिवादातून दुसरी गोष्टही सिद्ध होते: कुंपणाआतल्या विक्रेत्यांचे पोट एका कंपनीच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. २०२४ मध्ये देशातल्या हिंसाचारामुळे कंपनीने फेऱ्या स्थगित केल्या, तेव्हा त्यांच्यासाठी दुसरे जहाज कुठून येणार होते?

मेक्सिकोच्या कोझुमेलमध्ये निवड अजून जिवंत आहे, म्हणून मला तो थांबा महत्त्वाचा वाटतो. स्पॅनिश लोक येण्याआधी माया स्त्रिया इश्चेल देवीच्या दर्शनाला होड्यांतून समुद्र ओलांडून या बेटावर येत. पाहुण्यांची ने-आण इथल्या अंगवळणी पडलेली आहे. १५१९ मध्ये कोर्तेस इथे उतरला, पुढे देवीने वस्ती उजाड केली. (देवी म्हणजे रोग, इश्चेल नव्हे.) १८४८ नंतर मुख्य भूमीवरच्या युद्धातून पळालेल्या लोकांनी बेट पुन्हा वसवले. १९६१ मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक जाक कुस्तो इथल्या प्रवाळात बुड्या मारून गेले आणि पाणबुडे येऊ लागले. आज बेटाच्या शांत पश्चिम किनाऱ्यावर अनेक बीच क्लब एकमेकांशी स्पर्धा करतात. कोणी दिवसाचा पास विकतो, कोणी फक्त खाण्यापिण्याचे पैसे घेतो, आणि टॅक्सी गावची असते. मेक्सिकोच्या कायद्यानुसार समुद्रकाठाची पट्टी राष्ट्राची आहे, आणि २०२० पासून तिच्यावर जाणाऱ्याला अडवणाऱ्या मालकाला दंड होतो. क्लबवाला खुर्ची विकू शकतो, समुद्र विकू शकत नाही.

मराठी वाचकाला हा सगळा दूरचा मामला वाटेल, पण २०२१ मध्ये मुंबईहून क्रूझ लक्षद्वीपला जाऊ लागली आणि प्रवासी लहान बोटींनी अगत्तीवर उतरू लागले. कोचीहून सरकारी जहाजाची ‘समुद्रम’ सहल त्याहून जुनी: दिवस कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉयच्या किनाऱ्यावर, रात्र जहाजावर. तिथे परवाना लागतो आणि बाहेरच्याचा पाय सहज रुतत नाही. पण २०२३ च्या जानेवारीत सुहेली आणि कदमत इथे मोठी रिसॉर्ट उभारण्याची घोषणा झाली आहे. सुहेलीवर कायमची वस्ती नाही. हंगामात अगत्ती-कवरत्तीचे मच्छीमार तिथे मुक्कामाला येतात. ‘निर्जन’ हा शब्द आता आपल्या समुद्रात आला आहे. तेव्हा एका दिवसाचा किनारा निवडताना खुर्चीचे भाडे विचारा, पाण्याची खोली विचारा, आणि त्याबरोबर हेही विचारा: दुपारचे जेवण कोणाच्या चुलीवर शिजणार आहे, होडी कोणाची आहे, आणि आपले जहाज सुटल्यावर त्या बेटाचे पोर त्याच वाळूवरून पाण्यात उतरू शकते का.